मृत्युपत्र करून घेतलं त्याचा अनुभव: आधी ऑनलाइन साइट, मग सांगलीतल्या वकीलबाई

आधी मार्क सांगते. ऑनलाइन साइटला पाचपैकी दोन, वकीलबाईंना साडेचार. दोघांनाही पैसे मोजलेत, दोघांचेही कागद माझ्याकडे आहेत, त्यामुळे दोन्हीबद्दल लिहायचा मला हक्क आहे असं वाटतं. नावं कुणाचीच लिहीत नाही. लांबलचक होणार आहे, पण माझ्यासारख्या बायका बऱ्याच आहेत आणि त्यांना हे कुणी नीट सांगत नाही म्हणून सगळंच लिहिते.

मी एकसष्ट वर्षांची, हायस्कूलला गणित शिकवायचे, तीन वर्षांपूर्वी रिटायर झाले. मिस्टर २०१६ ला गेले. आम्हाला मूलबाळ नाही. सांगलीच्या गावभागात तळमजल्यावर दोन खोल्या हॉल किचनचा फ्लॅट, २००३ साली दोघांच्या नावावर घेतलेला, कर्ज दोघांच्या पगारातून फेडलं. बाकी थोडं सोनं, एफडी, पीपीएफ, दोन म्युच्युअल फंड, आणि चाळीस वर्षांच्या संसारात जमतात त्या सगळ्या वस्तू. माहेरकडून एक भाची आहे, बहिणीची मुलगी, तिला मी लहानाची मोठी होताना बघितलंय. सासरकडून भाऊजी पुण्याला आणि वन्सं बेळगावला. भांडण कुणाशीच नाही, हे मुद्दाम सांगते, कारण "आमच्यात काय भांडणं आहेत का, मग मृत्युपत्र कशाला" असं मला तीनचार जणांनी विचारलं आणि मी पण इतकी वर्षं तेच म्हणत होते.

मग मागच्या जुलैत माझी शाळेतली मैत्रीण गेली. तीही माझ्यासारखीच एकटी. तिच्या घराला अजून कुलूप आहे, आत फ्रिजमध्ये काय असेल देवाला माहीत, भाचे म्हणतात आमचं, पुतणे म्हणतात आमचं, आणि तिनं ज्या मुलीला शिकवून मोठं केलं तिला घरात पाऊल टाकता येत नाही. तिचा चष्मासुद्धा आतच राहिला. दहाव्याला जाऊन घरी आले आणि त्याच रात्री मोबाइलवर शोधायला बसले.

पहिल्यांदा साइट सापडली, जाहिरात होती तासाभरात मृत्युपत्र, साधारण चार हजार रुपये. फॉर्म सोपा आहे हे मान्य करायलाच पाहिजे. एकेक पान भरत जायचं, पती, मुलं, आईवडील, मग मिळकत, मग कुणाला किती टक्के. मिळकतीची त्यांची यादी चांगली आहे, त्या यादीमुळे मला एक जुनी एलआयसीची पॉलिसी आठवली जी मी पूर्ण विसरले होते, आणि मिस्टरांच्या नावचे थोडे शेअर्सही. दोन मार्कातला एक त्या यादीला दिलाय. दुसरा मार्क प्रामाणिकपणाला, कारण शेवटी त्यांनी स्पष्ट लिहिलं होतं की प्रिंट काढा, स्वतःच्या हातानं सही करा, दोन साक्षीदारांच्या सह्या घ्या. हे महत्त्वाचं आहे. बाकी सगळं मोबाइलवर ओटीपी टाकून होतं म्हणून लोकांना वाटतं मृत्युपत्रही होत असेल, पण आयटी ॲक्टमधून मृत्युपत्र वगळलेलं आहे, डिजिटल सही चालत नाही.

पण पुढचं ऐका. फ्लॅटच्या पानावर विचारलं होतं मालकी एकट्याची की संयुक्त. मिस्टर गेल्यावर सोसायटीनं शेअर सर्टिफिकेट माझ्या नावावर करून दिलं होतं, मी नॉमिनी होते, म्हणून मी बिनधास्त "एकट्याची" वर टिक केलं. साइटनं पुढचा एकही प्रश्न विचारला नाही. आणि "इतर वस्तू" म्हणून एक छोटी चौकट होती, चार ओळींनंतर अक्षरंच उमटेनात. सासूबाईंचा तानपुरा, आईची बोरमाळ, गौरीचे मुखवटे, मिस्टरांची पुस्तकं, शिलाई मशीन, हे सगळं त्या चार ओळींत कोंबायचं होतं. मी दागिने एवढं लिहिलं आणि बाहेर पडले. शेवटी नऊ पानी इंग्रजी कागद आला. मी इंग्रजी वाचते, पण माझ्याच मृत्यूनंतरचा कागद मला परका वाटला, आणि तो माझ्या कामवाल्या मावशींना कुणीतरी वाचून दाखवेल तेव्हा त्यांना काय कळणार असं मनात आलं. मराठीत द्या म्हणून विचारलं तर सध्या ती सोय नाही असं उत्तर आलं, उत्तर देणारी मुलगी मात्र नम्र होती. खरं तर मृत्युपत्र कुठल्याही भाषेत चालतं, साध्या कोऱ्या कागदावर चालतं, स्टॅम्प पेपर लागत नाही, हातानं लिहिलेलं पण चालतं. हे मला नंतर कळलं.

तो कागद महिनाभर कपाटात पडून होता. सही करायला हात होईना. मग शाळेतल्या एका सरांनी वकीलबाईंचं नाव सांगितलं.

ऑफिस दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. गुडघ्याचा त्रास असणाऱ्यांनी आधी फोन करून सांगावं, त्या खाली गाडीत येऊन बसतात असं नंतर कळलं, मला आधी माहीत नव्हतं म्हणून चढले. दिवसा फोन उचलत नाहीत, दोनदा केलेला फोन परत आला नाही, तिसऱ्यांदा लागला. अर्धा मार्क इथे कापलाय, आणि पहिल्या ड्राफ्टसाठी, ते पुढे येईल.

पहिल्याच दिवशी अडीच तास बसवलं त्यांनी. कॉम्प्युटर उघडला नाही, एक फुलस्केप घेतला आणि त्यावर वंशावळ काढायला लागल्या. माझे सासरे कधी गेले, सासूबाई कधी गेल्या, भाऊजी किती, नणंदा किती, कोण हयात आहे. मला वाटलं माझं मृत्युपत्र करायचंय तर ह्यांना सासऱ्यांशी काय करायचंय. मग त्यांनी पेन खाली ठेवून विचारलं, "काकू, काका गेले तेव्हा तुमच्या सासूबाई होत्या का?"

होत्या. सासूबाई २०२० मध्ये गेल्या, मिस्टरांच्या नंतर चार वर्षांनी. शेवटपर्यंत माझ्याकडेच होत्या.

"मग हा फ्लॅट पूर्ण तुमचा नाही," त्या म्हणाल्या.

मला एकदम कानात गरम वाफ गेल्यासारखं झालं. त्यांनी मग त्याच कागदावर समजावलं आणि गणिताची बाई असून मला ते दोनदा ऐकावं लागलं. फ्लॅट दोघांच्या नावावर, म्हणजे अर्धा माझा, अर्धा मिस्टरांचा. मिस्टरांनी मृत्युपत्र केलं नव्हतं. हिंदू वारसा कायदा, १९५६, त्यात पुरुष मृत्युपत्र न करता गेला तर पहिल्या वर्गाचे जे वारस आहेत त्यात बायको, मुलं आणि आईसुद्धा येते. सगळे आईला विसरतात, त्या म्हणाल्या. मूल नाही, म्हणजे मिस्टरांच्या अर्ध्याचे दोन वाटे, एक माझा आणि एक सासूबाईंचा. म्हणजे घराचा पाव हिस्सा सासूबाईंचा झाला, त्यांना माहीत नव्हतं, मला माहीत नव्हतं, सोसायटीलाही माहीत नव्हतं. आणि सासूबाई गेल्यावर तो पाव हिस्सा त्यांच्या मुलांकडे, म्हणजे भाऊजी आणि वन्सं. आधी गेलेल्या मुलाची मुलं असती तर त्यांना त्यात वाटा होता, पण विधवा सुनेला त्यात वाटा नाही. तर भाऊजींचा अर्धपाव, वन्संचा अर्धपाव, आणि माझं पाऊण घर.

सोसायटीच्या सर्टिफिकेटचं काय म्हणून विचारलं. ते मालकीचं नाही, त्या म्हणाल्या. नॉमिनी म्हणजे सांभाळून ठेवणारा, खरा मालक वारस किंवा मृत्युपत्रात ज्याचं नाव तो. महाराष्ट्रात सहकारी सोसायटीच्या कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनंतर नॉमिनीला तात्पुरता सभासदच धरतात. शेअर्स आणि म्युच्युअल फंडाचंही तेच, त्याबद्दल १४ डिसेंबर २०२३ ला सुप्रीम कोर्टाचा मोठा निकाल आहे, शक्ती येझदानी विरुद्ध जयानंद जयंत साळगावकर, म्हणजे आपल्या भिंतीवर ज्यांचं कालनिर्णय असतं त्या साळगावकरांच्याच कुटुंबातलं प्रकरण. कोर्टानं सांगितलं की नॉमिनी म्हणून नाव असलं म्हणजे मालकी मिळत नाही. माझ्या एका फंडाला नॉमिनी भाऊजींचा मुलगा होता, मिस्टर गेल्यानंतर एजंटनं विचारलं आणि मी तोंडाला येईल ते नाव सांगितलं होतं. वकीलबाईंनी मृत्युपत्रात वेगळं नाव असेल तर नॉमिनीही तेच करून घ्या म्हणून बजावलं, नाहीतर पैसे एकाच्या हातात आणि हक्क दुसऱ्याचा, आणि दोघं एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसणार. ते मी सगळं करून घेतलं. बँकेत १ नोव्हेंबर २०२५ पासून ठेवींना चार नॉमिनी लावता येतात, प्रत्येकाचा टक्का लिहून, त्याचाही उपयोग झाला.

मग त्यांनी मला ती गोष्ट सांगितली जी मी विसरू शकत नाही. हिंदू बाई मृत्युपत्र न करता गेली आणि तिला मूल नसेल, नवरा नसेल, तर तिची मिळकत आधी नवऱ्याच्या वारसांकडे जाते, तिचे स्वतःचे आईवडील त्यानंतर. त्याच वारसा कायद्याचं कलम १५. माहेरून वारशानं मिळालेलं असेल तर ते माहेरी परत जातं, पण स्वतःच्या कमाईचं नाही. २००९ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे, ओमप्रकाश विरुद्ध राधाचरण. नारायणीदेवी नावाच्या बाई, लग्नानंतर तीन महिन्यांत नवरा साप चावून गेला, सासरच्यांनी घराबाहेर काढलं, माहेरी राहून शिकल्या, नोकरी केली, १९९६ मध्ये गेल्या. मृत्युपत्र नव्हतं. बँकेतले पैसे, प्रॉव्हिडंट फंड, सगळं कोर्टानं सासरच्यांना दिलं, ज्यांनी त्यांना काढून टाकलं होतं त्यांना. न्यायाधीशांनी म्हटलं की भावना बाजूला ठेवून कायदा लावावा लागतो. माझ्या सासरच्यांनी मला कधी तोडलं नाही, त्या बाईंशी माझी बरोबरी नाही, पण तेहतीस वर्षं खडू घासून जमवलेले पैसे कुणाला जायचे हे मी एक शब्द न बोलता ठरून गेलेलं होतं, आणि ते मला माहीतच नव्हतं, हे ऐकून मी त्या खुर्चीत बराच वेळ गप्प बसले. त्यांनी चहा मागवला आणि त्याही गप्प बसल्या. याला मी फी पेक्षा जास्त किंमत देते. नोव्हेंबर २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानंही बायकांना, खास करून हिंदू बायकांना, मृत्युपत्र करून ठेवा असं आवाहन केलं तेव्हा मी ती बातमी कापून शाळेतल्या मैत्रिणींच्या ग्रुपवर टाकली.

आता उपाय. एक तर मी माझ्या पाऊण हिश्श्याचं मृत्युपत्र करायचं, किंवा भाऊजी आणि वन्संकडून हक्कसोडपत्र घेऊन मग पूर्ण घराचं. हक्कसोडपत्र नोंदवावंच लागतं, त्याचा खर्च वेगळा. मी म्हटलं मी आधी त्यांच्याशी बोलते, मग येते. तर वकीलबाईंनी उठूच दिलं नाही. म्हणाल्या, तुम्ही जाल, बोलाल, दिवाळी येईल, आणि मधे काही झालं तर? दीड पानी तात्पुरतं मृत्युपत्र त्यांनी माझ्याकडून माझ्या अक्षरात तिथेच लिहून घेतलं, माझा जो काही हिस्सा असेल तो आणि बाकी सगळं कुणाला ते, शेजारच्या ऑफिसमधले दोघे साक्षीला बोलावले, त्यांच्यासमोर मी सही केली आणि माझ्यासमोर त्यांनी. नवीन केलं की जुनं रद्द, शेवटचं तेच खरं. जिना उतरताना गुडघा दुखला नाही असं म्हणणार नाही, पण छातीवरचं काहीतरी उतरलं होतं.

भाऊजींना त्याच रात्री फोन केला. मी चाचरत सगळं सांगितलं, तर ते एवढंच म्हणाले, "वहिनी, ते घर दादाचं आणि तुमचं. कुठं सही करायची ते सांगा." मला फोनवर रडू आलं.

वन्संना फोनवर सांगायचं नव्हतं. त्या दिवाळीत यायच्या होत्या, भाऊजीही येणार होते, भाऊबीज माझ्याकडेच करू म्हटलं. बेळगावहून गाडीनं मिरजेला उतरल्या, मी रिक्षा घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी फराळाच्या वेळी विषय काढला. त्या ऐकत होत्या, बोलल्या काहीच नाहीत, आणि मला वाटलं झालं, आता काहीतरी निघणार. मग त्या तानपुऱ्याकडे बघत म्हणाल्या, "वहिनी, घराचं काय, मी सही करते. पण आईचा तानपुरा कुणाला देणार तुम्ही?"

इथे थोडं मागे जाते. तो तानपुरा मिरजेचा, सतारमेकर गल्लीतला, सासूबाईंच्या वडिलांनी त्यांना लग्नात दिलेला. (मिरजेच्या सतार आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं तेव्हा सासूबाई हव्या होत्या.) २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं त्या ऑगस्टात आमच्या तळमजल्यात पाणी शिरायला लागलं, तेव्हा सासूबाई पंच्याऐंशीच्या, त्यांनी माझा हात धरून सांगितलं, मला नंतर ने, आधी तो वर ने. मी तो भोपळा छातीशी धरून जिन्यानं वरच्या शेजाऱ्यांकडे पोचवला आणि मग त्यांना. घराची फाइल खालच्या कपाटात राहिली, त्यातला करार, इंडेक्स दोन म्हणजे नोंदणीचा उतारा, सगळ्याचा लगदा झाला. (ज्यांची कागदपत्रं पुरात गेलीत त्यांच्यासाठी, दस्ताची सही शिक्क्याची नक्कल निबंधक कार्यालयातून मिळते, वकीलबाईंनी आठवड्यात काढून दिली.) तर हा तानपुरा मी मनात भाचीला देऊन टाकला होता, कारण ती गाणं शिकते, आणि साइटच्या त्या चार ओळींच्या चौकटीत तो मावला असता तर भाचीच्या नावानं लिहून मोकळीही झाले असते. वन्संना एका शब्दानं न विचारता. त्यांच्या आईचा तानपुरा.

वन्सं म्हणाल्या, मला वाजवता येत नाही, पण आई पहाटे जुळवायची त्याचा आवाज मला झोपेत यायचा.

मी दिला. दुसऱ्या आठवड्यात वकीलबाईंना सांगितलं की तानपुरा मृत्युपत्रातून काढा. त्या म्हणाल्या छान केलंत, जे हातानं देता येतं ते कागदावर कशाला ठेवायचं. भाचीला मी स्वतः सांगितलं, ती म्हणाली मावशी तो तसाही त्यांच्या आईचाच.

वस्तूंसाठी वकीलबाईंनी एक पूर्ण दिवस दिला, घरी आल्या. दागिन्यांचं त्यांनी जे करायला लावलं ते सगळ्यांनी करावं. प्रत्येकाचं नाव, वजन, कुणाकडून आलं, आणि फोटो, फोटोच्या खाली माझी सही. नुसतं "सोन्याची माळ" लिहून चालत नाही, माझ्याकडे माळा तीन आहेत, बोरमाळ आईची, मोहनमाळ मिस्टरांनी केलेली, आणि चपलाहार सासूबाईंचा. आईची बोरमाळ भाचीला, चपलाहार वन्संच्या मुलीला, मोहनमाळ भाऊजींच्या सुनेला. गौरीचे मुखवटे ज्याच्याकडे कुळाचार चालू राहील त्याच्याकडे, म्हणजे भाऊजींकडे, त्यांना आधी विचारून. माझ्याकडे सतरा वर्षं कामाला येणाऱ्या मावशींना शिलाई मशीन आणि दोन लाख रुपये. इथे वकीलबाईंनी विचारलं, त्या तुमच्या आधी गेल्या तर? मी विचारच केला नव्हता. ज्याला द्यायचं तो आधी गेला तर ती देणगी सहसा तिथेच संपते, म्हणून त्यांच्या मुलीचं नाव पुढे लिहून ठेवलं. पुस्तकं शाळेच्या वाचनालयाला, पुरात त्यांचीही गेलीत. आणि शेवटी एक वाक्य, वर न लिहिलेली आणि यापुढे मला मिळेल ती सगळी मिळकत भाचीला. ते वाक्य नसेल तर उद्या काढलेली एफडी अधांतरी राहते. व्यवस्थापक म्हणजे एक्झिक्युटरही भाचीच, ज्याला मिळकत मिळते तो एक्झिक्युटर असू शकतो, साक्षीदार मात्र असू नये.

मोबाइल, ईमेल, बँकेचे पासवर्ड मृत्युपत्रात लिहायचे नाहीत, वेगळ्या पाकिटात. कारण नोंदवलेल्या मृत्युपत्राची नक्कल आपण जिवंत असेपर्यंत फक्त आपल्याला किंवा आपल्या मुखत्याराला मिळते, पण गेल्यानंतर कुणीही अर्ज करून घेऊ शकतं.

पहिला ड्राफ्ट आला तेव्हा मात्र मी नाराज झाले. भाचीच्या नावात चूक, माझं वय चुकलेलं, मावशींचं आडनाव भलतंच. ऑफिसमधल्या टायपिस्टनं जुन्या कुणाच्या तरी कागदावर माझी नावं घातली होती असं दिसत होतं, कारण एका ठिकाणी "माझी दोन मुले" असंही राहिलेलं. ते वाचून मला किती लागलं ते इथे लिहीत नाही. वकीलबाईंनी माफी मागितली, स्वतः बसून पूर्ण नवीन टाइप केलं, आणि मला मोठ्यानं वाचून दाखवलं. "मी अक्कलहुशारीने व राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाखाली न येता हे मृत्युपत्र लिहून ठेवते की" हे वाक्य माझ्या आवाजात मी परत वाचलं. मराठी जुन्या वळणाची आहे, पण कळते, मावशींनाही कळली, त्यांना त्यांचा भाग मी वाचून दाखवला.

साक्षीदार एक आमचे फॅमिली डॉक्टर, एक शाळेतली तरुण शिक्षिका, दोघांनाही काही मिळणार नाही असे. तरुण मुद्दाम, कारण पुढे कोर्टात गेलं तर दोघांपैकी निदान एकाला तरी सही ओळखायला उभं राहावं लागतं, आपल्याच वयाचे साक्षीदार घेऊन उपयोग नाही. डॉक्टरांनी त्याच तारखेचा दाखला दिला की माझं डोकं ठिकाणावर आहे. प्रत्येक पानावर माझी सही. साक्षीदारांना आतला मजकूर वाचायची गरज नसते, फक्त सही करताना बघायचं असतं.

नोंदणी सक्तीची नाही, नोंदवलेलं नसलं तरी मृत्युपत्र खरंच असतं. मी नोंदवलं कारण मूल नसलेल्या बाईच्या कागदावर शंका घ्यायला लोकांना वेळ लागत नाही. स्टॅम्प ड्युटी शून्य, नोंदणी फी १०० रुपये, वर पानांप्रमाणे थोडं हाताळणी शुल्क. फोटो, अंगठा, ओळख पटवणारे दोघे, सर्व्हर दोनदा बंद पडला आणि पूर्ण सकाळ गेली, डब्यात पोळीभाजी नेली होती म्हणून बरं. वकीलबाई सोबत उभ्या होत्या पूर्ण वेळ. आमची मिळकत सगळी सांगलीतली, त्यामुळे मुंबईतल्या मिळकतीला वर्षानुवर्षं जी प्रोबेटची, म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याचा कोर्टाचा दाखला घ्यायची, कटकट होती ती आम्हाला नव्हती. माझी एक मावसबहीण मडगावला असते, तिनं माझं बघून करायला घेतलं तर तिकडचं सगळंच वेगळं निघालं, मुलं असतील तर अर्धी मिळकत त्यांच्यासाठी राखीवच, उरलेल्या अर्ध्याचंच आपल्या मर्जीनं करता येतं. तेव्हा गोव्याच्या लोकांनी तिथलाच माणूस बघावा.

फी मृत्युपत्राची पंधरा हजार, घरी येण्याचे वेगळे घेतले नाहीत, हक्कसोडपत्राचे वेगळे. साइटच्या चार हजारांपुढे जास्त वाटेल. पण साइटच्या कागदावर सही केली असती तर मी जे पूर्ण माझं नाही ते घर देऊन बसले असते, आणि भाची आणि वन्सं, ज्या आज एकमेकींना फोन करतात, त्या कोर्टाच्या जिन्यात समोरासमोर आल्या असत्या. ज्यांचं सरळ आहे, एकच मूल, एकच घर, सगळं एकाच नावावर, त्यांना साइट पुरेल कदाचित. विधवा, मूल नसलेल्या, दुसरं लग्न झालेल्या, सासूसासरे नवऱ्याच्या मागे राहिलेल्या बायकांनी कृपा करून समोर बसून प्रश्न विचारणाऱ्या माणसाकडे जा.

मूळ प्रत भाचीकडे दिलीय, एक प्रत वकीलबाईंकडे. तानपुरा सध्या मिरजेला जवारी काढायला, म्हणजे घोडी घासून तारांचा नाद नीट करायला, टाकलाय, कारागीर म्हणाले पाडव्यापर्यंत देतो, वन्सं तेव्हा येऊन घेऊन जातील. वकीलबाईंचा नंबर कुणाला हवा असेल तर मला विचारा, आणि फोन संध्याकाळी सहानंतर करा, त्याआधी त्या कोर्टात असतात.